लांबलेला आठवडा

वेवजी गावच्या चिंचपाड्यावर एकाच खोलीचं कौलारू प्रार्थनाघर आहे. समोरच्या चिंचेला ट्रकच्या चाकाची लोखंडी रिंग टांगलेली आहे. अच्छाडच्या वळणावर उलटलेल्या कुठल्याशा ट्रकची ती रिंग शुक्राने तलासरीच्या भंगारवाल्याकडून डोक्यावर घेऊन पायी आणली होती. त्यानंतर आठ दिवस त्याला मान वळवता येत नव्हती. रिंगेशेजारी तारेने एक लांब पाना लोंबतो. त्या पान्याचा टोला दिला की आवाज डोंगराच्या कडेच्या शेवटच्या घरापर्यंत जातो. पाड्यावर सगळे तिला घंटाच म्हणतात.

दर रविवारी सकाळी दहाला शुक्रा घंटा वाजवायचा. आधी बारा टोले भरभर. ते सगळ्यांसाठी. मग थांबून एक टोला, मग वीस श्वास मोजायचे आणि पुन्हा एक. पुन्हा वीस श्वास. हे सावकाशीचे टोले एकट्या बायजीसाठी असत.

बायजी म्हणजे सुकऱ्याची म्हातारी आई. तिचं घर ओहोळाच्या पलीकडे, सर्वांत वर. दहा वर्षांपूर्वी तिचे डोळे गेले, पण कुणी हात धरलेला तिला खपत नसे. "मी काय शेळी आहे का, ओढून न्यायला?" म्हणायची. टोला झाला की तिला दिशा कळे. काठी टेकत ती बांधावरून चालू लागे, आणि पुढच्या टोल्याला पाय पुन्हा सरळ करून घेई. तिची काठी प्रार्थनाघराच्या पायरीला लागेपर्यंत शुक्रा टोले देत उभा राही. कधी अर्धा तास लागे. आत पहिलं गीत संपून दुसरं सुरू झालेलं असे.

घंटेचा हा मान शुक्राला बायजीनेच दिलेला. एकेकाळी त्याचे हात सकाळी ताडी मिळेपर्यंत थरथरत. पावसाळ्यात एकदा तो ओहोळाच्या काठी पडलेला सापडला तेव्हा बायजीने त्याला घरी नेलं, महिनाभर भाताची पेज पाजली, रोज डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पाड्यावर ख्रिस्ताला मानणारी तेव्हा ती एकटीच होती. पुढे सात घरं झाली, प्रार्थनाघर झालं. घंटा कोण वाजवणार असा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "शुक्रा वाजवील. त्याच्या हातांना काम पाहिजे."

आणखी एक रीत तिनेच घातली होती. रोज चूल पेटवण्याआधी घरच्या बाईने तांदळाची एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची. रविवारी सगळ्या मडक्यांतले तांदूळ एकत्र करायचे आणि त्या आठवड्यात ज्याच्या घरी अडचण असेल त्याच्याकडे पोचवायचे. ज्या घराला मिळाले त्याचं नाव कुणी तोंडाने घ्यायचं नाही.

शुक्रा आणि त्याची बायको निर्मला अच्छाडला हायवेच्या कडेला फळं विकत. हिवाळ्यात चिकू आणि पेरू, उन्हाळ्यात ताडगोळे, पावसात उकडलेली कणसं. बांबूंवर निळी ताडपत्री आणि खाली दोन टोपल्या, एवढंच दुकान. शनिवार-रविवारी दमणला जाणाऱ्या येणाऱ्या मुंबईच्या गाड्या थांबत. बाकीचे दिवस ट्रकवाले, आणि ट्रकवाला फळ घेतो कमी, भाव विचारतो जास्त.

बाजूला नविनभाईचा ढाबा होता. माणूस उंबरगावकडचा गुजराती, बोलायला गोड. त्याने ढाब्याच्या आवारात शटरचे तीन पक्के गाळे बांधले आणि नाताळ उरकल्यावर शुक्राला हाक मारली.

"जो शुक्राभाई, सीधी वात करतो. एक गाळा तुला देतो. भाडं पहिलं वर्ष अर्धं. तुझा माल चोखा असतो, गिऱ्हाईक तुझं नाव घेतं. पण संडेला सकाळी आठला शटर वर पाहिजे."

"रविवारी बाराला येतो मी, नविनभाई. तोवर बायको बसते ना."

"ती एकटी काय काय करेल? गाडीतून सात जणं उतरतात. एक शहाळं मागतो, एक चिकू कापून दे म्हणतो, एक छुट्टे मागतो. अरे, संडेच नाय तर बाकीचे दिवस आपण काय, माखी मारायची?" नविनभाई हसला. "एक काम कर. जानेवारीचे चार संडे मला करून दाखव. फेब्रुवारीच्या पहिल्या संडेला चावी तुझ्या हातात."

निर्मला तिथेच पेरू पुसत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचा हात थांबला. त्यांची मुलगी संगिता बारावीला होती. तिला डहाणूला नर्सिंगला जायचं होतं. त्याचा फॉर्म घरात पत्र्याच्या पेटीत, कोऱ्या साडीच्या घडीत ठेवलेला होता.

घरी जाताना मोटरसायकलवर मागून निर्मला म्हणाली, "चारच तर रविवार आहेत."

"घंटा?"

"बारक्या वाजवील. नाहीतरी आता कुणाला लागते ती? सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहे."

बारक्या म्हणजे शुक्राचा चुलत भाऊ, प्रार्थनाघरात ढोलकी वाजवायचा. शुक्राने त्याला तिथली किल्ली दिली. घंटेचंही सांगितलं, पण कसं सांगितलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. सावकाशीचे टोले, वीस श्वास, यातलं काही तो बोलला नाही. "जमलं तर वाजव," एवढंच म्हणाला. सगळं सांगितलं असतं तर बारक्याने विचारलं असतं, मग तू कुठं असणार? ते विचारणं त्याला नको होतं.

पहिल्या रविवारच्या संध्याकाळी त्याने बारक्याला विचारलं, "घंटा झाली?"

"कशाला? सगळे दहाच्या ठोक्याला हजर. लाहूदादा पण वेळेवर आले."

लाहूदादा म्हणजे त्यांचे पाळक. चार पाडे सांभाळायचे, सायकलवर यायचे.

"आणि बायजीआई?"

"नाही आली. सुकऱ्याने अडवली असेल. नाहीतर पाय दुखत असतील. वय काय थोडं आहे?"

शुक्रा हो म्हणाला. सुकऱ्या आणि त्याची बायको शुक्री जुन्या देवांना मानणारी, पण म्हातारीला त्यांनी कधी अडवलं नव्हतं, हे शुक्राला पक्कं माहीत होतं. ती का आली नाही हेही त्याला माहीत होतं. तरी तो हो म्हणाला आणि जेवायला बसला.

दुसऱ्या रविवारी त्याने विचारलंच नाही. तिसऱ्या रविवारी एका गाडीवाल्याने सगळी टोपली उचलली आणि निर्मला कितीतरी दिवसांनी गिऱ्हाइकांसमोर हसली. चौथ्या रविवारी पेंटर आला. त्याने गाळ्याच्या कपाळावर हिरव्या अक्षरांत लिहिलं, "निर्मला फ्रूट सेंटर". निर्मलाला वाचता येत नव्हतं. ती रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि आपलं नाव कोणतं ते शुक्राला बोटाने दाखवायला लावलं. दोनदा.

त्या दिवशी दहाच्या सुमारास शुक्राच्या हातात कोयता होता, शहाळं सोलत होता. कोयत्याचा एक घाव घालून तो नकळत श्वास मोजू लागला. वीस झाल्यावर दुसरा घाव घातला. गिऱ्हाईक म्हणालं, "काका, झोपलात का?"

त्या हिवाळ्यात डहाणू-तलासरीकडे जमीन सारखी हलत होती. नोव्हेंबरापासून धक्के सुरू झाले होते. लोक रात्री अंगणात निजत, सरकारने तंबू दिले होते. बायका भांडी भिंतीपासून लांब मांडत. आधी सगळे घाबरले, मग भांड्यांच्या खडखडाटावरून धक्का लहान की मोठा ते सांगू लागले.

फेब्रुवारी लागला त्या शुक्रवारी सकाळी दहाच्या आसपास मोठा धक्का बसला. ढाब्याच्या भिंतीवरून थाळ्या पडल्या. निळ्या ताडपत्रीचे बांबू करकरले. हायवेवरचे ट्रक मात्र जात होते तसेच जात राहिले. संगिता शाळेत होती, तिचा फोन लागला. पण घराचं काय झालं ते बघायला पाहिजे होतं. निर्मलाला टोपल्यांपाशी ठेवून शुक्रा मोटरसायकलवरून निघाला.

घर उभं होतं. मागच्या भिंतीला बोटभर चीर गेली होती, तेवढंच. प्रार्थनाघर बघून यावं म्हणून तो तिकडे वळला आणि चिंचेखाली येऊन ब्रेक मारला.

प्रार्थनाघराच्या दाराला कुलूप होतं. पायरीवर बायजी बसली होती. अंगावर नाताळचं पांढरं लुगडं, केस ओले करून बांधलेले. काठी मांडीवर आडवी. बाजूला तांदळाचं मडकं, वर फडकं बांधलेलं, आणि त्याच्याशेजारी एक पातेलं, तेही फडक्याने बांधलेलं.

"कोण? शुक्रा ना?" तिने मान वळवली. "तुझ्या गाडीचा आवाज ओळखते मी. अरे, टोले देऊन गेलास कुठं? बारा तरी नीट द्यायचेस. सातच दिलेस, तेही वाकडेतिकडे. मग एकही नाही. मी मधेच उभी राहिले. म्हटलं, आता येईल, आता येईल. शेवटी मडकं डोक्यावर, पातेलं कमरेवर घेऊन अंदाजाने आले. बघ, गुडघा फुटलाय."

शुक्राने चिंचेकडे पाहिलं. रिंग वाऱ्याने किंचित झुलत होती. पाना तिच्या कडेला टेकून होता. कुणी हात लावला नव्हता. जमीन हलली, झाड हललं आणि पाना आपोआप रिंगेवर आपटला, हे त्याला उभ्याउभ्या कळलं.

"धरणी एवढी हलली," बायजी म्हणत होती, "आमच्या घराची दोन कौलं पडली. शुक्री पोरांना घेऊन बाहेर पळाली. आणि तेवढ्यात तुझी घंटा. मी म्हटलं, बघा गे, धरणी हलली तरी माझा शुक्रा रविवार चुकवत नाही."

शुक्राने मोटरसायकल स्टँडला लावली.

"बाकीचे कुठं? आणि हाताला कुलूप लागलं, ते का?"

आता सांगायला पाहिजे होतं. आज शुक्रवार आहे, एवढेच शब्द होते. त्याने तोंड उघडलं.

"लोकं घाबरून घरीच बसलीत, आई," तो म्हणाला. "किल्ली बारक्याकडे आहे."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच तो त्याला जास्त लागला.

"असू दे. दोघं आहोत ना आपण? बस." तिने पायरी थोपटली. "मडकं बघ माझं. केवढा लांबला रे हा आठवडा! मूठमूठ टाकते तर मडकंच भरलं. मग पातेलं घेतलं, तेही भरत आलंय. शुक्री मला म्हणे, म्हातारे, चार रविवार होऊन गेले. मी म्हटलं, लबाड बोलू नकोस. घंटा झाली नाही तर रविवार होईल कसा? माणसाच्या हिशेबात चूक होते. शुक्रा विसरायचा नाही. माझ्याशी दोन दिवस बोलली नाही ती." बायजी बोळक्या तोंडाने हसली. "तांदळाची एक मूठ कमी टाकली नाही मी. आज कुणाकडे जायचेत?"

शुक्राने फडकं सोडलं. तांदूळ काठोकाठ होते. तिच्या मुठी आता लहान झाल्या होत्या, हात आखडले होते, तरी काठोकाठ. रेशनचा जाडा तांदूळ. त्याच्यात तिने एक सुकी मिरची खोचली होती, किडे होऊ नयेत म्हणून.

तिने गीत धरलं. आवाज फाटका, पण सूर पक्का. शुक्राला साथ द्यावी लागली. मग तिने प्रार्थना केली. धक्क्यात कुणाला इजा होऊ नये म्हणून, सुकऱ्यासाठी, शुक्रीच्या रागासाठी, संगिताच्या परीक्षेसाठी. मग म्हणाली, "आणि प्रभू, ज्याच्या आवाजावर मी तुझ्या दारी येते, त्या शुक्राला तू सांभाळ. त्याच्या हातांना बळ दे." शुक्राने आमेन म्हणावं म्हणून ती थांबली. ती थांबूनच राहिली. शेवटी तो म्हणाला. ताडी पिऊन ओहोळाकाठी पडलेला असतानासुद्धा त्याला स्वतःची एवढी घाण वाटली नव्हती.

त्याने तिला घराच्या वाटेपर्यंत सोडलं. मडकं आणि पातेलं ती त्याच्याकडे देऊन गेली. ते त्याने घरी आणून चुलीशेजारी ठेवलं. संध्याकाळी निर्मला आली, तांदूळ बघून म्हणाली, "एवढे कुणाचे?"

"हात लावू नकोस त्याला."

"का? काय झालं?"

त्याने सांगितलं. सगळं. निर्मला ऐकत राहिली. मग चुलीत काटकी सरकवत म्हणाली, "परवा चावी मिळणार आहे."

"ठाऊक आहे."

"म्हातारीला कुणीतरी हात धरून आणलं असतं. सात घरं आहेत. तुमच्या एकट्याच्याच गळ्यात का? देव काय रविवारी दहालाच जागा असतो?"

"मी तिला बोललो नाही, निर्मला. तीन शब्द होते. मी गाळ्याचा विचार केला. तिला सांगितलं तर ती रविवारी घंटेची वाट बघणार, आणि मला गाळा सोडावा लागणार. म्हणून नाही बोललो."

"गाळ्याचा विचार केलात तर पाप केलंत?" निर्मलाचा आवाज चढला. "माझ्या पोरीला टोपली घेऊन उन्हात बसवायची नाही, हा विचार पाप? दारू सोडलीत तेव्हा मीच सगळ्यात जास्त देवाचे आभार मानलेत. आता चार घास सुखाचे आले तर तुमच्या पोटात दुखायला लागलं!"

ती खोटं बोलत नव्हती. त्याने चुलीकडे पाठ करून भिंतीतली चीर बघितली. पेटीत फॉर्म होता आणि चुलीशेजारी मडकं. दोन्ही त्याच्याच घरात होतं.

शनिवारी सकाळी तो अच्छाडला न जाता ओहोळ ओलांडून बायजीच्या घरी गेला. सुकऱ्या छपरावर चढून कौलं बसवत होता. शुक्री अंगणात गवताच्या पेंढ्या बांधत होती. बायजी ओट्यावर बसून वाल सोलत होती.

"जय येशू, शुक्रा," पावलांवरून ओळखून ती म्हणाली. "आज कसा?"

बसलं तर बोलणं होणार नाही असं त्याला वाटलं. तो उभाच राहिला.

"आई, काल रविवार नव्हता. शुक्रवार होता. घंटा मी वाजवली नाही. धरणी हलली त्याने वाजली."

बायजीच्या हातातली शेंग थांबली.

"शुक्री खरं बोलत होती. चार रविवार झाले. मी अच्छाडला दुकान लावून बसलो होतो. घंटा कुणी वाजवलीच नाही. तू का येत नाहीस ते मला ठाऊक होतं. पहिल्याच रविवारी ठाऊक होतं. आणि काल तू विचारलंस तेव्हाही मी सांगितलं नाही."

छपरावरून सुकऱ्या म्हणाला, "वा रे वा देवाची माणसं!" आणि पुन्हा कौलाला हात घातला.

शुक्री पेंढी टाकून उठली. "बघ! बघ म्हातारे! मी लबाड ना? पाड्यावरची बायामाणसं मला हसली. सासूला रविवारचा पत्ता लागू देत नाही म्हणाली. आणि हा तिकडे पेरू विकत होता!"

बायजीने हात पुढे केला, हवेत चाचपडत. "शुक्री, इकडे ये."

"नाही येत."

"ये गे पोरी."

शुक्री आली. बायजीने तिचा हात धरून आपल्या कपाळाला लावला. "मी तुला खोटी म्हटलं. याच्या भरवशावर म्हटलं. मला माफ कर." शुक्रीला असं काही अपेक्षित नव्हतं. तिने हात सोडवून घेतला आणि "बरं बरं" म्हणत पेंढ्यांकडे गेली. मग तिकडे तोंड करून डोळे पुसले.

मग बायजी शुक्राकडे वळली. तिचे पांढरे डोळे त्याच्या खांद्याच्या जरा बाजूला बघत होते.

"चार?"

"चार."

"माझ्यापाशी किती उरलेत ते तुला माहीत आहे?"

"नाही."

"मलाही नाही. त्यातले चार तू खाल्लेस." आवाज चढलेला नव्हता. "भाकरी चोरली असतीस तर मी म्हटलं असतं, भूक लागली असेल. जा आता."

"आई, उद्या..."

"जा म्हटलं ना."

तो निघाला. ओहोळापाशी येऊन त्याने नविनभाईला फोन लावला.

"नविनभाई, गाळा मला नको."

"शुं? अरे, बोर्ड रंगवला ना!"

"रविवारी मला जमणार नाही. एकही रविवार नाही."

"कुणी जास्त भाडं सांगितलं का? बोल, मी बघतो."

"तसं काही नाही. मला इथे घंटा वाजवायची असते."

"घंटा?" नविनभाईला हसावं की रागवावं कळेना. "शुक्राभाई, मी पण रोज दिवा लावतो. पण दिवा लावून दुकान उघडतो. बघ, संध्याकाळपर्यंत विचार कर. नाय तर मी दुसऱ्याला देतो. मागून रडू नको."

"नाही रडणार," शुक्रा म्हणाला. फोन ठेवल्यावर तो ओहोळाच्या काठी खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही. पुण्याचं काम केल्यासारखं त्याला अजिबात वाटत नव्हतं. निर्मलाने बोटाने दाखवायला लावलेलं ते हिरवं नाव तेवढं डोळ्यांपुढे येत होतं.

घरी येऊन त्याने निर्मलाला सांगितलं. तिने पेटी उघडली, फॉर्म काढला, पाहिला, पुन्हा साडीच्या घडीत ठेवला. पेटीचं झाकण मात्र जोरात आपटलं. संगिता म्हणाली, "बाबा, सरकारी कॉलेजचा पण फॉर्म निघतो. मार्क पाहिजेत फक्त." आणि पुस्तक घेऊन अंगणात गेली. शुक्राला तिच्याकडे बघवलं नाही.

रविवारी त्याने बारक्याकडून किल्ली घेतली. दहाला चिंचेखाली उभा राहिला आणि बारा टोले दिले. पाड्यावरची माणसं आली. "काय शुक्रा, आज दुकान बंद?" कुणीतरी हसून म्हणालं. तो हसला नाही. सगळे आत बसल्यावर तो दारात उभा राहिला, बायजीचं मडकं आणि पातेलं त्याने मधे ठेवलं आणि ते कसं भरलं ते सांगितलं. काल रात्रभर जुळवलेली वाक्यं त्याला आठवली नाहीत. तुटक तुटक बोलला. बारक्या ढोलकीची दोरी ओढत खाली बघत होता. लाहूदादांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, "मीही चार रविवार आलो, आणि तिच्या घरी जाऊन आलो नाही." एवढंच म्हणाले. निर्मला बायकांत बसली होती. ती येईल असं शुक्राला वाटलं नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मी बाहेर आहे," शुक्रा म्हणाला. "तुम्ही सुरू करा."

त्याने एक टोला दिला. वीस श्वास मोजले. पुन्हा एक. वरच्या वाटेवर कुणी दिसत नव्हतं. आत गीत सुरू झालं, संपलं. दुसरं झालं. खिशातला मोबाईल थरथरला. नविनभाई. त्याने तो तसाच थरथरू दिला. वाटेवर सुकऱ्याची शेळी आली, बांधावरचा पाला खाऊन गेली. ऊन चिंचेच्या बुंध्यावरून सरकलं. आत लाहूदादांचं बोलणं सुरू झालं. शुक्राचा खांदा दुखू लागला. ती येणार नाही, आणि न येण्याचा तिला हक्क आहे, असं तो स्वतःला सांगत होता. वीस श्वास झाले की तरी हात पान्याकडे जातच होता.

आत शेवटची प्रार्थना चालू असताना बांधावर पांढरं लुगडं दिसलं. ती थांबत होती, टोल्याला मान वळवत होती, चालत होती. मागे दहा पावलं सोडून शुक्री येत होती. कुणी बोलावलेलं नव्हतं आणि सासूला चाहूलही लागू द्यायची नव्हती अशी. ओहोळापाशी बायजी फार वेळ थांबली. शुक्राला धावत जावंसं वाटलं. त्याने पाना घट्ट धरला आणि आणखी एक टोला दिला.

काठी पायरीला लागली. लोक उठून बाहेर यायला लागले होते. ते थबकले, वाट सोडून उभे राहिले. बायजी धापा टाकत होती.

"संपलं का?"

"संपलं, आई," शुक्रा म्हणाला. "आशीर्वाद पण झाला."

"होईलच." तिने काठीने पायरी चाचपली आणि बसली. गुडघ्यावर फडक्याची पट्टी बांधलेली होती. "मी घरी बसून ऐकत होते. येणार नव्हते." तिने श्वास घेतला. "पण तू थांबेनास. भिंतीतून ऐकू येतं ते. वाल सोलू देईनास."

शुक्रा पाना हातात घेऊन उभा होता.

"आणि वीस नाही मोजत तू," ती रागानेच म्हणाली. "पंधराच मोजतोस. घाई आहे तुझ्यात अजून. माझे पाय आता तेवढे चालत नाहीत. पुढच्या रविवारी पंचवीस मोज."

"पंचवीस," शुक्रा म्हणाला.

निर्मला बायकांमधून पुढे आली. आत मधे ठेवलेलं मडकं तिने उचलून आणलं, कमरेवर घेतलं आणि कुणाकडेही न बघता विचारलं, "हे तांदूळ आज कुणाकडे पोचवायचेत?"